चाळीस खाटांवरून एका खाटेपाशी

रुग्णालयात अंतर्गत बदलीचा हुकूम ज्या कागदावर येतो तो कागद फार लहान असतो. त्यावर जावक क्रमांक असतो, दिनांक असतो, उद्याच्या सकाळपाळीपासून अतिदक्षता विभागात रुजू व्हावे एवढे एक वाक्य असते आणि खाली मेट्रनची सही असते. पण ज्या मुलीला उद्देशून ते वाक्य लिहिलेले असते तिने व्हेंटिलेटर कधी जवळून पाहिला आहे किंवा नाही, मॉनिटरवरच्या हिरव्या, तांबड्या, निळ्या रेघांपैकी कोणती कशाची हे तिला कोणी कधी समजावून दिले आहे किंवा नाही, याविषयी तो कागद मौन पाळतो. दप्तराच्या दृष्टीने स्टाफ नर्स ही स्टाफ नर्सच असते; ती अस्थिरोग विभागातून आली काय, नेत्र विभागातून आली काय अथवा प्रसूतिगृहातून आली काय, हजेरीपटावर तिच्या नावासमोर पडणारी खूण एकाच जातीची असते. प्रस्तुत पुस्तक, असा कागद हाती घेऊन जिन्यात क्षणभर थबकलेल्या परिचारिकेसाठी लिहिलेले आहे. आणि त्याची प्रस्तावना लिहिण्याचे काम लेखिकेने माझ्याकडे सोपवले ते, मी असे समजते की, माझ्या विद्वत्तेकडे पाहून नव्हे, तर असाच एक कागद कोणे एके काळी मलाही मिळाला होता हे तिला ठाऊक आहे म्हणून.

प्रथम या विभागाच्या नावाविषयी दोन शब्द. 'अति' हा उपसर्ग आपल्याकडे सहसा दोषदर्शक. अतिलोभ, अतिप्रसंग, अतिरेक अशा शब्दांच्या पंगतीत दक्षतेला बसवताना ज्या कोणी हा शब्द घडवला त्याला थोडे तरी अवघडल्यासारखे झाले असेल. पण शब्द नेमका उतरला आहे यात शंका नाही. त्यात यंत्राचा उल्लेख नाही, औषधाचा नाही, उपचाराचाही नाही. आहे तो केवळ जागेपणाचा. या विभागात जे काही विशेष घडते ते मुख्यतः एवढेच, की इतर वॉर्डांत रुग्णाकडे दिवसातून सहा वेळा पाहिले जाते आणि इथे त्याच्यावरची नजर सहसा ढळू दिली जात नाही.

सर्वसाधारण वॉर्डातील परिचारिकेचा दिवस चार-चार तासांच्या मापाने मोजला जातो. टीपीआरचा चार्ट चार तासांचा, इंजेक्शने सहा किंवा आठ तासांची, डॉक्टरांचा राउंड सकाळ-संध्याकाळचा. आणि या चौकटीत चाळीस खाटा, शिवाय पावसाळ्यात दोन खाटांच्या मधे जमिनीवर अंथरलेल्या गाद्या धरल्या तर पन्नास-साठ जीव तिला सांभाळावयाचे असतात. रुंदीची विद्या ती, आणि ती कमी प्रतीची आहे असे कोणी म्हणू नये. वॉर्डाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे औषधांची ट्रॉली नेताना जी परिचारिका सतराव्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे नुसता कटाक्ष टाकून, आज याचे काही ठीक दिसत नाही, असे मनाशी म्हणते आणि परत फिरून त्याच्या श्वासांची गती मोजते, तिच्यापाशी कोणत्याही यंत्रात नसलेले काहीतरी असते. रात्रभर पांघरूण चाचपणारा, उठून बसू पाहणारा, सलाइनची नळी ओढणारा रुग्ण हा नेहमीच 'त्रास देणारा' नसतो, त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडत असण्याचा संभव असतो, हे तिला पुस्तकाने शिकवलेले नसून अशा दोन-चार रात्रींनी शिकवलेले असते. अतिदक्षता विभागात पाऊल टाकताना आपण रित्या हाताने आलो आहोत असे जी समजते, ती आपल्या मालमत्तेची यादी करायला विसरलेली असते.

परंतु माप बदलते हे खरेच, आणि नवागत परिचारिकेला पहिल्या महिन्यात जो थकवा येतो तो यंत्रांमुळे कमी आणि या बदललेल्या मापामुळे अधिक येतो असे माझे निरीक्षण आहे. एक साधे उदाहरण घेते. वॉर्डात चोवीस तासांच्या लघवीची बेरीज सकाळी सहाला होते आणि त्या बेरजेत रात्रीचे दोन वाईट तास बेमालूम बुडून जातात. अतिदक्षता विभागात तीच लघवी दर तासाला मोजून लिहिली जाते. साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हावयास हवी, हे प्रमाण जिच्या मनात पक्के बसले आहे, तिला रात्री दोन वाजता १५ आणि तीन वाजता १० हे आकडे दिसताच, रक्तदाब अजून वरकरणी शाबूत असतानाच, मूत्रपिंडांकडे पुरेसे रक्त जात नाही हे कळते आणि ती डॉक्टरांना उठवते. चार तासांच्या मापात हेच वर्तमान सकाळी समजले असते, आणि तोपर्यंत कदाचित डायलिसिसची तजवीज करण्याची पाळी आली असती. चाळीस खाटांची रुंदी सोडून एका खाटेच्या खोलीत उतरणे म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत आहे.

आणि तरीही वॉर्डाची जुनी विद्या या खोलीत वाया जात नाही. यंत्राला जोडलेला, गुंगीच्या औषधाखाली असलेला रुग्ण आपणहून कूस बदलू शकत नाही. दर दोन तासांनी त्याला वळवणे, पाठ कोरडी ठेवणे, टाचांखाली आधार देणे, तोंड स्वच्छ करणे, उशाची बाजू तीस ते पंचेचाळीस अंशांत उचललेली आहे ना ते पाहणे, ही कामे केली नाहीत तर सर्वांत महाग यंत्रही त्याला न्यूमोनियापासून आणि बेडसोअरपासून वाचवू शकत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या ४ क्रमांकाच्या वॉर्डात अरुणा शानभाग या आपल्या सहकारी परिचारिकेला तिथल्या परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे सांभाळले. त्या काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, काही तर अरुणाताई अंथरुणाला खिळल्या त्यानंतर जन्मलेल्या होत्या, पण अरुणाताईंच्या अंगावर बेडसोअर होऊ दिले गेले नाहीत, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविषयीच्या प्रकरणी निकाल दिला तेव्हा न्यायमूर्तींनीही या शुश्रूषेची आवर्जून प्रशंसा केली. ही कामगिरी अतिदक्षता विभागाची नव्हे. ती वॉर्डाची आहे, पाण्याचे भांडे, टॉवेल आणि दोन जोड्या हातांची.

आता थोडे इतिहासाकडे वळते, कारण माझ्या मते या पुस्तकाच्या विषयाचे सर्वांत मोठे समर्थन इतिहासात आहे. १८६३ साली फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांविषयीच्या आपल्या ग्रंथात, शस्त्रक्रियागृहालगतच्या खोलीत रुग्णाला सावरेपर्यंत ठेवण्याची काही लहान रुग्णालयांतील पद्धत नमूद केली. १९२३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी तीन खाटा वेगळ्या काढल्या. हे सर्व खरे; पण आज आपण ज्याला अतिदक्षता म्हणतो तिचा जन्म १९५२ सालच्या उन्हाळ्याअखेरीस डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे, ब्लेगडॅम नावाच्या सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात झाला, आणि तो झाला तो तज्ज्ञांच्या हातून जितका झाला तितकाच अननुभवी माणसांच्या हातून झाला.

त्या वर्षी कोपनहेगनात पोलिओची साथ आली. रुग्णालयात एक लोखंडी फुप्फुस आणि छातीवर बसवायची सहा कवचयंत्रे एवढीच श्वसनाची सामग्री होती. पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या ज्या ३१ रुग्णांना या यंत्रांचा आधार द्यावा लागला त्यांतील २७ जण दगावले. मुख्य वैद्य लासेन यांनी अखेर शस्त्रक्रियागृहातल्या एका भूलतज्ज्ञाला, ब्यॉर्न इब्सेन यांना, सल्ल्यासाठी बोलावले. भूलतज्ज्ञाने वॉर्डात येऊन मत द्यावे ही गोष्ट त्या काळी रूढ नव्हती. मृतांच्या रक्तात आढळलेल्या क्षाराधिक्याचे कारण वैद्यांना उलगडत नव्हते. इब्सेन यांनी ओळखले की हे रुग्ण कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडल्यामुळे गेले आहेत. त्यांना हवा पुरेशी मिळतच नव्हती. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यात रबरी नळी बसवण्यात आली आणि रबराची पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यात आली. ती मुलगी जगली.

पण पिशवी दाबणारा हात चोवीस तास कोणाचा? एका वेळी सत्तर-सत्तर रुग्णांना अशा हातांची गरज पडू लागली, तेव्हा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाचारण करण्यात आले. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी खाटांशेजारी बसले आणि सर्व मिळून सुमारे १,६५,००० तास त्यांनी पिशव्या दाबल्या. यांतल्या कोणालाही अतिदक्षतेचा पूर्वानुभव असणे शक्यच नव्हते, कारण तो विषयच तोवर अस्तित्वात नव्हता. त्यांना जे शिकायचे ते समोरच्या देहाकडे पाहून शिकायचे होते: कपाळावर घाम आला, रक्तदाब चढू लागला, तर हवा कमी पडते आहे; डोळे शांत झाले तर बरोबर चालले आहे. बोलू न शकणारी मुले डोळ्यांनी खुणा करत, आणि पिशवी धरणारा विद्यार्थी त्या खुणांप्रमाणे हात हलका किंवा जड करी. मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत निम्म्यावर आले. पुढच्याच वर्षी, १९५३ च्या डिसेंबरात, इब्सेन यांनी कोपनहेगनच्या महापालिकेच्या रुग्णालयात अशा रुग्णांसाठी कायमचा स्वतंत्र विभाग उघडला; प्रयोगशाळेत पोल आस्ट्रुप यांनी रक्तातील वायूंचे गणित बसवले, ज्याच्या अहवालाला आपल्या नव्या मुली आज 'एबीजी' म्हणून घाबरतात; आणि १९५६ साली त्याच देशात, सोडली की आपोआप फुगणारी ॲम्बू बॅग निघाली, जी आज आपल्या तालुक्याच्या रुग्णवाहिकेतही सापडते.

या हकिकतीतले एक वाक्य मात्र सांगताना बहुधा गाळले जाते. ते विद्यार्थी एकटे नव्हते. वॉर्डभर भूलतज्ज्ञ फिरत असत, थकलेल्या हाताची पिशवी दुसऱ्या हाती देण्याची व्यवस्था होती, आणि काही विपरीत दिसले तर हाक मारण्याच्या अंतरावर जाणते माणूस उभे होते. अननुभवी हातांनी ही शाखा निर्माण केली हे जितके खरे, तितकेच त्या हातांच्या शेजारी कोणीतरी उभे होते हेही खरे. आणि माझे सगळे सांगणे या दुसऱ्या वाक्यात आहे.

आपल्याकडे ही शाखा यथावकाश आली. मुंबईत फारोख उदवाडिया यांच्यासारख्या वैद्यांनी, विशेषतः धनुर्वाताच्या रुग्णांवर काम करून, तिचा पाया भक्कम केला. १९९३ साली मुंबईतच या विषयाच्या भारतीय वैद्यांची संस्था स्थापन झाली. परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेने मान्य केलेली वर्षभराची पदविका आहे, पुढे दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रमही निघाला. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी हे प्रमाण कागदावर सर्वमान्य आहे. प्रत्यक्षात एकीच्या वाट्याला दोन येतात, सणासुदीला तीन; आणि पदविका घेतलेल्या मुली इतक्या थोड्या, की विभाग भरायचा तर बदलीच्या हुकुमाखेरीज इलाज नसतो. याबद्दल तक्रार करावी तितकी थोडी आहे, परंतु पुस्तकाची प्रस्तावना ही अर्ज-विनंतीची जागा नव्हे.

मग २०२० साल उजाडले. ९ मार्च रोजी पुण्यात राज्यातील पहिला करोनाबाधित आढळला आणि दोन-तीन महिन्यांत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर, गोरेगावच्या प्रदर्शनाच्या मंडपांत, जिथे कालपर्यंत रुग्णालयाचा मागमूस नव्हता तिथे ऑक्सिजनच्या खाटांच्या रांगा उभ्या राहिल्या. खाटा उभ्या करता येतात, व्हेंटिलेटर खरेदी करता येतो. त्याच्याशेजारी उभी राहणारी परिचारिका मागणीपत्र पाठवून येत नाही. तेव्हा त्वचारोग, नेत्ररोग, कान-नाक-घसा, जे जे विभाग ओस पडले होते त्या सर्वांतून माणसे उचलून अतिदक्षतेत पाठवण्यात आली. या पुस्तकाची लेखिका त्यांतलीच. सहा वर्षे तिने मोतीबिंदूच्या रुग्णांच्या डोळ्यांत थेंब घातले होते; सातव्या वर्षी एका सोमवारी तिच्या हाती दोन पालथे झोपवलेले रुग्ण आले.

मी तेव्हा निवृत्त होते आणि वयपरत्वे घराबाहेर पडण्याची मला मनाई होती. कोणाकडून तरी माझा दूरध्वनी क्रमांक मिळवून तिने एका रात्री अकरा वाजता, पीपीई किट उतरवल्यावर, मला फोन केला. त्या किटमध्ये सहा-सहा तास पाणी पिता येत नसे, चेहरे ओळखू येत नसत, म्हणून पाठीवर मार्कर पेनने नावे लिहीत. तिचा पहिला प्रश्न व्हेंटिलेटरविषयी नव्हता. तो असा होता: "मॅडम, बोटावरचं सॅच्युरेशन ९४ दाखवतंय, पण पेशंट मला बरा वाटत नाही. मी कोणावर विश्वास ठेवू?" मी तिला विचारले की त्याचे हात थंड आहेत का, श्वास मिनिटाला किती आहेत. श्वास ३८ होते. डॉक्टरांना आत्ता सांग, असे मी म्हणाले, आणि तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेव. बोटाला लावायच्या त्या चिमट्याचे तत्त्व १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधले. ते स्वतः १८ एप्रिल २०२० रोजी वारले, ज्या महिन्यात सारे जग त्यांच्या त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसले होते. यंत्र मोठे गुणी आहे. पण रक्तात प्राणवायू किती आहे तेवढेच ते सांगते. तो आकडा टिकवण्यासाठी रुग्णाला किती झगडावे लागते आहे हे सांगण्याचे काम त्याच्याकडे कोणी सोपवलेले नाही.

त्यानंतर ती बऱ्याच रात्री फोन करी. आतले कागद बाहेर नेण्याची परवानगी नसल्यामुळे ती पाळीत शिकलेले एका पानावर लिही, ते पान काचेला आतून चिकटवी, आणि बाहेरची मैत्रीण त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवी. या पुस्तकाचा पहिला खर्डा तो. वाचकाला पुस्तकातली काही प्रकरणे एकेका पानाचीच का, असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर एवढेच की काचेला एका वेळी एकच पान लावता येत असे.

हिशेबाचे प्रकरण मला विशेष आवडले. वॉर्डातून आलेल्या मुलींना औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये विचारण्याची सवय असते. इथे ती मायक्रोग्रॅममध्ये, दर किलोला, दर मिनिटाला सांगतात आणि पंपावर मात्र तासाला किती मिलिलिटर ते भरावे लागते. लेखिकेने पायरीपायरीने दाखवले आहे: नॉरॲड्रेनलिनचे ४ मिलिग्रॅम ५० मिलिलिटरमध्ये, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम, रुग्ण साठ किलोचा, मात्रा ०.१, म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. भागिले ८०, उत्तर ४.५. आमच्या वेळी हे कोणी इतके सरळ मांडले असते तर माझे काही महिने वाचले असते. त्याउलट व्हेंटिलेटरच्या निरनिराळ्या पद्धतींवर तिने खर्ची घातलेली पाने मला अंमळ जास्त वाटली. नवशिकीने पहिल्या महिन्यात एवढेच जाणावे की दाबाचा गजर झाला तर कफ, चावलेली किंवा मुडपलेली नळी पाहावी, हवा कमी पडल्याचा गजर झाला तर सुटलेला सांधा शोधावा, आणि काहीच उमगले नाही तर यंत्र काढून ॲम्बू बॅग जोडावी व मोठ्याने हाक मारावी. बाकीचे हळूहळू येते. मी हे तिला सुचवले. तिने पाने कमी केली नाहीत, आणि पुस्तक तिचे आहे.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-विदुषीने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नवशिक्यापासून निष्णातापर्यंत पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. ही कल्पना तिने ड्रायफस या दोघा भावांकडून घेतली, ज्यांनी बुद्धिबळपटू आणि वैमानिक कौशल्य कसे कमावतात याचा अभ्यास केला होता. त्या विवेचनातला एक मुद्दा मला अत्यंत दिलासा देणारा वाटतो, आणि तो असा की अनुभवी परिचारिकाही सर्वस्वी अपरिचित विभागात गेली तर पुन्हा पहिल्या पायरीवर येते. म्हणजे दहा वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा नियम पाठ करून चालण्याची वेळ आली तर त्यात अपमान नाही. पायऱ्या माणसाच्या नसतात, कामाच्या असतात. अडचण अशी, की आपल्याकडे ज्येष्ठता हजेरीपटावर लिहिलेली असते, आणि बारा वर्षे नोकरी झालेल्या सिस्टरने दोन वर्षांच्या मुलीला, हा कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा, असे विचारणे दोघींनाही अवघड जाते. धाकटी लाजते, थोरली गप्प बसते आणि खाटेवरचा माणूस या दोघींच्या संकोचाचे मोल देतो. या विभागात अज्ञान फारसा घात करत नाही, कारण अज्ञानी मनुष्य जपून वागतो. ठाऊक असल्याचा बहाणा मात्र हमखास घात करतो.

विचारण्याची ही गोष्ट उलट दिशेनेही लागू आहे. जॉन्स हॉपकिन्सच्याच पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत नळी घालण्यापूर्वी पाळावयाच्या पाच गोष्टींची यादी केली: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यांत नवे काहीच नव्हते. नवे होते ते हे, की यातली एक पायरी जरी चुकली तरी डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. मिशिगन राज्यातील शंभरावर विभागांत ही पद्धत लागू केली, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार अशा नळ्यांमुळे होणाऱ्या रक्तदूषणाच्या प्रमाणाची मध्यगा (मीडियन) दर हजार नळी-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आली. आपल्याकडे "सर, ड्रेप पडलाय" हे तीन शब्द उच्चारायला नव्या मुलीला किती बळ गोळा करावे लागते ते मी पाहिले आहे. या पुस्तकात ते शब्द कसे, कोणत्या स्वरात उच्चारावेत याचा चक्क नमुना दिला आहे. काहींना तो पोरकट वाटेल, मला वाटला नाही.

एक उणीव नोंदवल्याशिवाय राहवत नाही. दाराबाहेरच्या बाकावर डबा मांडीवर धरून बसलेल्या नातेवाइकाविषयी पुस्तकात फार थोडे आहे. वॉर्डात तो खाटेशेजारीच असतो, आईचे अंग पुसतो, वडिलांना भरवतो. इथे त्याला दिवसातून दोनदा दहा मिनिटे आत घेतात, आणि आत आल्यावर आपल्या माणसाला हात कुठे लावावा, लावावा की नाही, हेही त्याला कळत नाही. वॉर्डातून आलेल्या परिचारिकेला ही गोष्ट इतरांपेक्षा चटकन दिसते. तिने त्याचा हात धरून रुग्णाच्या हातावर ठेवावा, एवढे एक वाक्य दुसऱ्या आवृत्तीत असावे अशी माझी सूचना आहे.

राहता राहिली नळ्यांच्या प्रकरणातील एक घटना. लेखिका सांगते की पहिल्या दिवशी पहिल्या तासात नवागतेने कशालाही हात न लावता रुग्णाच्या अंगापासून सुरुवात करून एकेक नळी बोटाने चाचपत थेट तिच्या उगमापर्यंत जावे, आणि कोणत्या नळीतून काय जाते ते कागदावर काढावे. त्याचे कारण म्हणून तिने पुढे एक जुना प्रसंग दिला आहे: एका परिचारिकेने, शस्त्रक्रियेच्या वॉर्डातून बदलून आल्यावर चौथ्याच रात्री, डोपामिनचे थेंब चालू असलेल्या नळीच्या कॉकमधूनच रुग्णाला अँटिबायोटिक दिले, इंजेक्शनच्या रेट्याने नळीत साचलेले सगळे डोपामिन एकदम शिरेत गेले, नाडी १६० वर आणि वरचा रक्तदाब २०० वर गेला. इनचार्ज सिस्टर धावत आल्या, म्हणाल्या, "हात काढ. आता काही करू नकोस, घड्याळाकडे बघ." काही मिनिटांत आकडे उतरले, कारण ते औषध शरीरात फार काळ टिकत नाही. मग त्यांनी शांतपणे विचारले, नळीत काय होते? त्या मुलीच्या मनात क्षणभर आले की ठाऊक नाही म्हणून सांगावे. तिने खरे सांगितले. सिस्टरांनी ओव्हरच्या वहीत तांबड्या शाईने, कोणाचेही नाव न घालता, डोपामिनच्या नळीतून दुसरे काहीही देऊ नये, अशी ओळ लिहिली, आणि उरलेली रात्र त्या तिच्या खाटेपाशी स्टूल घेऊन बसल्या.

हा प्रसंग मी २०२० सालच्या एका रात्री लेखिकेला फोनवर सांगितला होता, आणि तो १९८४ च्या पावसाळ्यातला आहे. छापताना तिने भिडेखातर नाव गाळले. प्रस्तावना लिहिणारीचा अधिकार वापरून तेवढी दुरुस्ती मी इथे करते: ती परिचारिका मी होते.